‘आमच्या रक्ताचं का झालं जी?’ : गाव आणि वैद्यकीय महाविद्यालयाची भागीदारी कशी उभारायची

धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. पूर्व विदर्भातल्या एका टोल्यावर, म्हणजे मुख्य गावापासून वेगळ्या छोट्या वस्तीवर, अंगणवाडीच्या ओट्यावर आम्ही बायकांची बैठक लावली होती. विषय रक्तक्षयाचा. सोबत वैद्यकीय महाविद्यालयातल्या दोन निवासी डॉक्टर, तपासणीची पेटी, यादी, सगळं तयार. पहिलं नाव पुकारलं तशी मागच्या रांगेतली एक आजी उठली. पदर सावरत म्हणाली, “मागच्या साली तुमच्यासारख्याच पोरी आल्या होत्या. बोटं टोचून रक्त नेलं. आमच्या रक्ताचं का झालं जी?”

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. आदल्या वर्षी आलेलं पथक दुसऱ्या संस्थेचं होतं. त्यांचा प्रबंध पूर्ण झाला असेल, पण टोल्यावर साधी चिठ्ठीही आली नव्हती. कुणाचं हिमोग्लोबिन सात निघालं, कुणाचं अकरा, हे ज्यांचं रक्त होतं त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आम्ही पेटी उघडलीच नाही. चहा घेतला, आजीचं पूर्ण ऐकून घेतलं आणि परत आलो. पुढे त्याच टोल्याबरोबर अनेक वर्षं काम झालं, ते त्या बैठकीमुळे.

हा लेख दोघांसाठी आहे. एक, कॉलेजातले शिक्षक आणि विद्यार्थी, ज्यांना गावाबरोबर मनापासून काम करायचं आहे. दुसरे, गावातले कार्यकर्ते, आशाताई, बचत गटाच्या बायका, ज्यांच्या दारात कुणी ना कुणी प्रश्नावली घेऊन येतच असतं. ‘क्षमताबांधणी’ म्हटलं की आपण गृहीत धरतो की क्षमता गावाची वाढवायची आणि वाढवणार विद्यापीठ. माझा अनुभव असा की कमतरता दोन्हीकडे असते. गावाला आकडे वाचायला, मागणी लिहायला, अधिकाऱ्यासमोर ठामपणे बोलायला शिकावं लागतं. विद्यापीठाला ऐकायला, थांबायला, वेळेवर पैसे द्यायला आणि घेतलेलं परत करायला शिकावं लागतं. दुसरं शिक्षण जास्त अवघड आहे, कारण त्याचा वर्ग कुठेच भरत नाही.

आरोग्यातली समता म्हणजे काय, तेही आधीच बोलून घेऊ. मुख्य गावात उपकेंद्र आहे, नर्सबाई आहेत, आठवड्याला गाडी येते. नाल्यापलीकडच्या टोल्याचा पावसाळ्यात संपर्क तुटतो. दोन्हीकडे सारख्याच गोळ्या वाटल्या तर ती समानता झाली. टोल्यावरच्या बाळंतिणीला मुख्य गावातल्या बाळंतिणीइतकीच जगण्याची खात्री मिळाली तर ती समता. त्यासाठी टोल्याला जास्त द्यावं लागतं, आधी द्यावं लागतं, आणि काय द्यायचं ते टोल्याला विचारावं लागतं.

पायरी पहिली : कॉलेजच्या आत डोकावा

गावात जाण्याआधी विभागाच्या खोलीत बसून तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. इथून पाच वर्षं कोण राहणार? आठवड्यातले किती तास देणार? काम फसलं तर गावाला उत्तर कोण देणार?

पहिला प्रश्न सगळ्यात अवघड. शासकीय महाविद्यालयात बदल्या होतात, निवासी डॉक्टर तीन वर्षांत निघून जातात, इंटर्न तर काही आठवड्यांचेच पाहुणे. गावाच्या बाजूने पाहिलं तर दर वर्षी नवा चेहरा येतो आणि तेच प्रश्न विचारतो. म्हणून नातं एका व्यक्तीशी न जोडता विभागाशी जोडा. पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात गावाची एक नोंदवही ठेवा. कुणाशी काय बोलणं झालं, काय कबूल केलं, काय राहिलं, हे तिच्यात लिहीत जा. बदली झालेल्या माणसाने नव्या माणसाला गावात सोबत नेऊन ओळख करून द्यायची, हा नियम करा. सासरी जाणाऱ्या मुलीने धाकटीला चूल दाखवून जावी, तसं.

गावात शिरायचे रस्ते आज तयार आहेत. १९६९ पासूनची राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिची सात दिवसांची शिबिरं आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात संस्थांनी गावं दत्तक घ्यायची असतात. वैद्यकीय शिक्षणात २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आला आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांकडे काही कुटुंबं सोपवली जाऊ लागली. हे तिन्ही रस्ते वापरा. फक्त ‘दत्तक’ हा शब्द गावात वापरू नका, असं मला कळकळीने सांगायचं आहे. ज्यांचे आईबाप आहेत त्यांना कोण दत्तक घेतं?

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने, १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून, या वाटेवर बरंच चालून दाखवलं आहे. पहिल्या वर्षाची तुकडी एका गावाशी जोडली जाते, गावात मुक्कामी शिबिर करते आणि नंतरही त्या घरांकडे जात राहते. त्या परिसरात गावकऱ्यांकडून ज्वारी घेऊन आरोग्यविम्याची योजनाही उभी राहिली. ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी, उपचार मात्र गरजेप्रमाणे. समतेचं तत्त्व शेतकऱ्याला समजेल अशा मापात बसवलेलं दिसतं, म्हणून मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

पायरी दुसरी : गाव म्हणजे नेमकं कोण?

सरपंचांना भेटलो, चहा झाला, फोटो झाला, म्हणजे गावाशी बोलणं झालं असं समजू नका. सरपंचांना जरूर भेटा, तो मान आहे. पण भागीदार ग्रामसभा. पेसा क्षेत्रात, म्हणजे ज्या आदिवासी भागांत ग्रामसभेला कायद्याने खास अधिकार आहेत तिथे, तर पाड्याची, टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. तिथे टोल्याच्या ग्रामसभेला डावलून मुख्य ग्रामपंचायतीत ठराव केला, तर सुरुवातीलाच चूक झाली.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्यात आहे. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. भागीदारीचा प्रस्ताव आधी महिला सभेत ठेवा आणि खरोखर चर्चा होऊ द्या. त्यानंतर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे जा. ही समिती बहुतेक गावांत कागदावर असते आणि तिच्या नावाने वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचा मोकळा पैसा, येतो. तो कशावर खर्च होतो, हे समितीतल्याच कित्येक बायकांना माहीत नसतं. त्या समितीला जाग येणं हेच भागीदारीचं पहिलं फळ ठरू शकतं.

आता न येणाऱ्यांकडे वळू. बैठक कुठे ठेवली यावर कोण येणार ते ठरतं. देवळाच्या सभामंडपात ठेवली तर काही घरं येणार नाहीत. पाटलांच्या वाड्यावर ठेवली तर आणखी काही येणार नाहीत. शाळेचं आवार किंवा अंगणवाडीचा ओटा बरा. सकाळी अकराची वेळ कॉलेजच्या गाडीला सोयीची, पण मजुरीला जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. संध्याकाळची भाकर झाल्यावर बसा. तेंदूपान, मोहफूल, रोवणी, कापणी यांचे दिवस टाळा. मराठवाड्यात असाल तर ऊसतोडीचं कॅलेंडर भिंतीवर लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत अर्धी वस्ती कारखान्यांच्या फडात असते. जानेवारीत सर्वेक्षण केलंत तर म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली लेकरं तेवढी सापडतील, आणि अहवालात त्यालाच ‘गाव’ म्हटलं जाईल.

पहिले दोन महिने फक्त गावफेऱ्या करा. बायकांबरोबर पाण्याला जा. जमिनीवर रांगोळीने नकाशा काढायला लावा : विहीर, हातपंप, उपकेंद्र, दारूचं दुकान, आशाताईचं घर, रात्री गाडी कुठून मिळते ते ठिकाण. नकाशा कोण काढतं आणि कोण लांब उभं राहून बघतं, तेही वहीत टिपा. लांब उभ्या राहिलेल्या बाईच्या घरी दुसऱ्या दिवशी जा.

पायरी तिसरी : प्रश्न गावाकडून येऊ द्या

इथे सावकाश चाला, कारण बहुतेक भागीदाऱ्या याच ठिकाणी हातातून निसटतात. निधी मधुमेहासाठी मंजूर झालेला असतो, गावाला सतावत असतो सर्पदंश. तरी गावात ‘मधुमेह जागृती’ होते.

गडचिरोलीत १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. तिथल्या स्त्रियांशी बोलताना जे समोर आलं त्यातून दोन गावांत एक अभ्यास झाला आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरी एकीला साडेतीनहून जास्त. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या काळी ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. अंगावरून पाणी जाणं, ओटीपोटात कळा येणं, पाळीचा त्रास हे कुणाच्याच रकान्यात नव्हतं. बायकांना विचारलं आणि त्या बोलू शकतील अशी जागा दिली, म्हणून ते दिसलं.

उलट उदाहरण बीडचं. ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात होती, वर्षानुवर्षं. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. हा प्रश्न वस्तीवरच्या बायकांनी, महिला संघटनांनी आणि पत्रकारांनी लावून धरला होता. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयं होती, विद्यापीठ होतं. त्यांचे पाय वस्तीत नियमित पडत असते, तर हा आकडा पाच अंकी होण्याआधी कुणाच्या तरी वहीत उमटला असता, असं मला राहून राहून वाटतं.

प्रश्न निवडायची एक साधी रीत सांगते. बायका, पुरुष आणि तरुण यांचे वेगळे गट करा. प्रत्येक गटाने आरोग्याचे त्रास बोलून दाखवायचे, प्रत्येक त्रासासाठी एक वस्तू ठेवायची : पान, दगड, काडी, बांगडीचा तुकडा. मग प्रत्येकाला चिंचेचे पाच-पाच चिंचोके द्या आणि ज्याचा त्रास सर्वांत जास्त वाटतो तिथे ठेवायला सांगा. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही आणि मोठ्याने बोलणाऱ्याचेही चिंचोके पाचच मोजले जातात. एका गावात पुरुषांच्या गटात ‘कंबरदुखी’ वर आली, बायकांच्या गटात दारू. दोन्ही याद्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या. अर्धा तास कुणी बोललं नाही, मग जे बोलणं सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत चाललं.

कॉलेजला एखादी गोष्ट धोक्याची दिसत असेल आणि गावाच्या यादीत नसेल, तर काय करायचं? सांगायचं, मोकळेपणाने. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किंवा उच्च रक्तदाब, हे तपासणीशिवाय गावाला कसे कळणार? तेही यादीत ठेवा, पण त्यावरही चिंचोके पडू द्या.

पायरी चौथी : करार मराठीत लिहा, ग्रामसभेत वाचा

सामंजस्य करार कुलसचिव आणि संस्था यांच्यात होतो, इंग्रजीत होतो, फाइलीत राहतो. तो हवा तर करा. गावाबरोबरचा करार वेगळा, दोन पानांचा, साध्या मराठीत. गोंडी किंवा कोरकू बोलणारं गाव असेल तर त्या भाषेत समजावून सांगणारं माणूस गावातलंच हवं. ग्रामसभेत तो मोठ्याने वाचा, शंका घ्या, बदल करा, ठराव बुकात नोंदवा. आम्ही वापरतो त्यातली काही वाक्यं जशीच्या तशी देते :

‘तपासणीचा निकाल ज्याचा त्याला पंधरा दिवसांत, लेखी आणि समजावून, मिळेल. गंभीर निकाल त्याच दिवशी सांगितला जाईल आणि पुढच्या उपचाराची सोय कॉलेज करील.’

‘घेतलेलं रक्त आणि माहिती ठरलेल्या कामासाठीच वापरली जाईल. दुसऱ्या कामासाठी वापरायची असल्यास ग्रामसभेला आणि त्या व्यक्तीला पुन्हा विचारलं जाईल.’

‘कोणताही लेख, बातमी किंवा सादरीकरण बाहेर जाण्याआधी गावात वाचून दाखवलं जाईल. गावाचं नाव द्यायचं की नाही, ते गाव ठरवील.’

‘गावाला काम थांबवावंसं वाटल्यास ग्रामसभेच्या ठरावाने ते थांबेल. त्यामुळे कुणाचाही उपचार बंद होणार नाही.’

दुसऱ्या वाक्यामागे एक मोठी कहाणी आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची आदिवासी जमात राहते. मधुमेहाने त्रासलेल्या या लोकांनी १९९० च्या दशकात अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि जमात मुळात कुठून आली याच्या अभ्यासासाठी वापरलं गेलं. लोकांना ते नंतर कळलं. खटला चालला, २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि रक्ताचे नमुने परत केले. आमच्या टोल्यावरच्या आजीचा आणि त्यांचा प्रश्न एकच होता. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी तर २०१७ मध्ये आपली स्वतःची संशोधन-संहिताच जाहीर केली : आमच्याकडे यायचं तर आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी घेऊन या, आणि आमच्या रीतीने या.

आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत समुदायाला सहभागी करून घेण्यावर भर आहे, आणि गावाने होकार दिला तरी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र संमती लागतेच. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत सामान्य नागरिकाची जागा असते. ती बहुतेक वेळा शहरातल्या एखाद्या प्रतिष्ठिताकडे जाते. तिथे गावातली एखादी अनुभवी बाई बसवा, कागद आधी मराठीत पाठवा आणि येण्याजाण्याचा खर्च हातात द्या.

पायरी पाचवी : पैसा

पैशाबद्दल लवकर आणि उघड बोला. अंदाजपत्रक ग्रामसभेत फळ्यावर लिहा : कॉलेजच्या मनुष्यबळाला किती, गाडीला किती, गावातल्या माणसांना किती. फळ्यावर लिहायची लाज वाटत असेल तर आकडे बदला.

गावातली जी बाई घरोघर फिरून माहिती गोळा करते, ती संशोधक आहे. तिला मानधन द्या, किमान त्या हंगामातल्या मजुरीइतकं तरी. आशाताईच्या डोक्यावर आधीच डझनावारी नोंदवह्या आहेत आणि तिच्या मोबदल्यातला काही भाग कामागणिक मोजला जातो. ‘ताई, एवढं जरा करून द्या’ म्हणत आणखी एक वही तिच्या पिशवीत कोंबणं हा अन्याय आहे.

विद्यापीठाचा लेखा विभाग पावती, व्हाउचर, तीन दरपत्रकं मागतो. बिल सहा महिन्यांनी निघतं. हातावर पोट असलेल्या बाईला सहा महिने थांबता येत नाही. काम सुरू होण्याआधी वित्त अधिकाऱ्यांना एकदा गावात न्या. आम्ही एकांना नेलं होतं. त्यांनी स्वतः बसून अग्रिम रक्कम बचत गटाच्या ग्रामसंघाच्या खात्यावर जमा करायची रीत शोधून काढली. जे आम्हाला दोन वर्षं जमलं नव्हतं, ते त्यांना एका दुपारी जमलं.

पायरी सहावी : शिकणं आणि शिकवणं

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावांनी निवडलेल्या बायका, कित्येक निरक्षर, कित्येक दलित, दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन ते करायच्या. दर आठवड्याला थोडं, हे लक्षात घ्या. दहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण एकदाच उरकलं की तिसऱ्या आठवड्यात सगळं विसरलेलं असतं. महिन्यातून दोनदा एकेक दिवस, मध्ये गावात प्रत्यक्ष काम, पुढच्या वेळी आधी अडचणींची उजळणी. लेकुरवाळ्या बायका येणार, तेव्हा शेजारच्या खोलीत पाळणा आणि सांभाळायला एक माणूस हवंच.

शिकणाऱ्याप्रमाणे साधन घडवावं, याचं उत्तम उदाहरण गडचिरोलीचंच. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून एक साधी मोजणी-पाटी केली : एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत ठरलेल्या संख्येइतके मणी सरकले तर बाळ आजारी. पुढे आरोग्यदूत बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. ३९ गावांत हे झालं आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. २०११ पासून देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा आणि घरी जन्मलेल्याला सात, त्यांचं मूळ या कामात आहे.

उलट दिशेचं शिकणंही वेळापत्रकात घाला. विद्यार्थ्यांचा एक तास गावातल्या बाईने घ्यावा आणि तिला व्याख्यात्याचं मानधन मिळावं. आमच्याकडे एका सुईणबाईंनी चाळीस विद्यार्थ्यांना सांगितलं की रात्री कळा सुरू झाल्या तर घरात काय काय घडतं : गाडी कुणाला मागायची, पैसे कुठून काढायचे, थोरल्या लेकराला कुणाकडे ठेवायचं, सासूला कोण समजावणार. ‘रुग्ण उशिरा आला’ असं केसपेपरवर लिहिताना त्यातल्या काहींचा हात नंतर थबकत असे, हे त्यांनीच मला सांगितलं.

पायरी सातवी : माहिती एकत्र गोळा करा

प्रश्नावली आधी गावातल्या चार जणींनी वाचावी. आमच्या एका प्रश्नावलीत होतं, ‘गेल्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात गेलात का?’ बहुतेकींचं उत्तर नाही. पण घरात सुयांचे डाग असलेले हात दिसत होते. मग कळलं, इथे दवाखाना म्हणजे सरकारी इमारत. मोटरसायकलवरून येऊन सुई टोचून जाणारा ‘डॉक्टर’ आहे, तो दवाखान्यात धरत नाहीत. प्रश्न बदलला, ‘गेल्या महिन्यात सुई कुणाकडून घेतली?’, आणि चित्रच पालटलं. ‘श्वेतप्रदर’ कुणाला कळत नाही, ‘अंगावरून पाणी जातं का’ कळतं. तेही सासू शेजारी बसलेली असताना विचारू नका.

ज्यांनी माहिती गोळा केली त्यांच्याबरोबरच ती मोजायला बसा. संगणकाआधी खडूने फरशीवर रकाने काढा. आकड्यामागचं कारण त्यांना ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

पायरी आठवी : आधी गावाला द्या, मग जगाला

क्रम पक्का ठेवा. आधी व्यक्तीला तिचा निकाल. मग गावाला गावाचं चित्र. मग आरोग्य केंद्राला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. छापील लेख सगळ्यांत शेवटी, आणि त्यावर गावातल्या संशोधकांची नावंही, त्यांची इच्छा असेल तर.

आजीच्या टोल्यावर आम्ही दुसऱ्यांदा गेलो आणि तपासणी केली तेव्हा प्रत्येकीसाठी पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी केली. वर नाव, खाली बांगडीसारखं एक वर्तुळ : हिरवं, पिवळं किंवा लाल, आणि रंगाखाली आकडा. लाल असलेल्या सहा जणींना त्याच दिवशी त्याच गाडीने ग्रामीण रुग्णालयात नेलं. आजीचं वर्तुळ पिवळं होतं. तिने चिठ्ठी दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि कमरेच्या चंचीत ठेवली.

गावाचं चित्र मांडायला महाराष्ट्रात एक चांगली पद्धत रुजलेली आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पहिल्यांदा अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. गावकरीच सेवांचं प्रगतिपत्रक रंगांत भरतात आणि मग जनसुनवाई होते. तिथे आरोग्य केंद्राचे डॉक्टर, अधिकारी आणि लोक समोरासमोर बसतात. अशा जनसुनवाईत कॉलेजच्या शिक्षकांनी लोकांच्या बाजूला बसावं. बोलायची घाई करू नये. कुणी म्हणालं की ‘या बायकांना काय कळतं’, तेव्हा उठून शांतपणे सांगावं की या आकड्यांची तपासणी आम्ही सोबत केली आहे, ते बरोबर आहेत. विद्यापीठाच्या नावाला जे वजन आहे ते असं वापरायचं असतं.

आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधीच एकदा भेटून या, त्यांच्याही अडचणी ऐका. रिक्त पदं, नादुरुस्त रुग्णवाहिका, संपलेला औषधसाठा यांत त्यांचा दोष नसतो. गाव आणि केंद्र मिळून जिल्ह्याकडे मागणी करतील तर ती ऐकली जायची शक्यता वाढते.

पायरी नववी : भांडण होईल, त्याची तयारी

भांडण होणारच. बचत गटाच्या दोन बायकांत मानधनावरून होईल, सरपंच बदलले की होईल, कॉलेजने परस्पर बातमी दिली की होईल. तीन महिन्यांतून एक बैठक फक्त यासाठी राखून ठेवा. अजेंडा एकच : कुणाचं काय चुकलं. तिचं अध्यक्षपद गावाकडे. पहिल्या दोन बैठकांत बायका ‘सगळं बरं आहे जी’ म्हणतील. तिसऱ्या बैठकीत एखादी म्हणेल, “तुमची गाडी आली की आमाले काम सोडून धावावं लागते.” तिथून खरी भागीदारी सुरू झाली असं धरा, आणि गाडीची वेळ बदला.

काम नीट चाललं आहे की नाही, हे ओळखायच्या माझ्या दोन खुणा आहेत. गावाने कॉलेजला एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं का, आणि कॉलेजने ते मानलं का? आणि कॉलेज हजर नसताना समितीची बैठक झाली का?

पायरी दहावी : निघताना

निधी संपतो, प्रकल्प संपतो. निघायची तारीख पहिल्याच दिवशी सांगा आणि वर्षभर आधी तयारीला लागा. नकाशे, प्रगतिपत्रकं, प्रश्नावल्या, निकालांचे गोषवारे, ठरावांच्या प्रती यांचा एक संच गावात राहिला पाहिजे. व्यक्तींची नावं असलेले कागद वेगळे, कुलुपात. मागणीची पत्रं कुणाला लिहायची, माहितीचा अधिकार कसा वापरायचा, समितीच्या निधीचा हिशेब कसा तपासायचा, हे करता येणाऱ्या किमान चार-पाच जणी तयार असाव्यात, कारण दोन तर लग्न होऊन किंवा कामासाठी बाहेर जातातच.

आमच्या टोल्यावर अंगणवाडीत एक पत्र्याचं कपाट आहे. वरच्या कप्प्यात वजनकाटा, खाली सगळे कागद. त्याच्या दोन किल्ल्या आहेत. एक आशाताईंकडे असते, दुसरी महिला सभेने निवडलेल्या बाईकडे, आणि ती दर वर्षी बदलते. कॉलेजकडे किल्ली नाही. डॉक्टरांना एखादा जुना कागद हवा असला की ते आदल्या दिवशी फोन करून विचारतात.